आत्याचा कागद

“बाबा, पाय उचला! पलंगावर उभे आहात तुम्ही!”

बाबा दचकून टुणकन बाजूला झाले आणि सगळं घर खदखदून हसलं. कारण पलंग कुठला नि काय! जमिनीवर वर्तमानपत्रांचा एक लांबलचक कागद पसरला होता, चिकटपट्टीने जोडलेला, आणि त्यावर लाल जाड अक्षरांत ‘चिमणीचा पलंग’ असं लिहिलं होतं. त्याच्या शेजारी ‘बाबांचा बाक’, पलीकडे ‘जेवणाचं टेबल’, आतल्या खोलीत ‘आमचा पलंग’, आणि बाल्कनीच्या दाराशी, सगळ्यांत सुंदर, कोपरे गोल कापलेला, एक छोटासा कागद... ‘पाळणा’!

नव्या सुनेची ही पद्धतच होती. लहान घरांची आतली मांडणी करून देणाऱ्या एका कचेरीत ती कामाला होती, आणि तिथे म्हणे कुणी आधी लाकूड आणतच नाही. आधी प्रत्येक वस्तू खऱ्या मापाची कागदात कापायची, जमिनीवर चिकटवायची, आणि आठवडाभर त्या कागदांच्या घरात राहून बघायचं. कुठे ठेच लागते, कुठे दार अडतं, कोण कुणाच्या अंगावर जातं, सगळं आपोआप कळतं! आता तिला स्वतःलाच बाळ होणार होतं, घर होतं दीड खोलीचं, माणसं होती पाच... तेव्हा आपली सगळी हुशारी तिने या जमिनीवर अक्षरशः अंथरली होती.

“आणि हे इथलं बुटकं इस्त्रीचं कपाट,” ती पोटावर हात ठेवून, जराशी धापा टाकत म्हणाली, “हे काढून टाकायचं. फुकट जागा खातंय! इस्त्री काय, टेबलावरही होते. बरोबर ना?”

“एकदम बरोबर,” तिचा नवरा म्हणाला. घोडा झाला होता तरी घरात त्याला सगळे अजून बंड्याच म्हणत. “त्या कपाटाला माझा गुडघा किती वेळा आपटलाय!”

“काढा, काढा,” बाबा म्हणाले.

“हो, बाय बाय कपाट!” चिमणीने, म्हणजे बंड्याच्या शाळकरी बहिणीने, कपाटावर टपली मारली.

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या आत्याच्या काळजात कळ उठली... अशी, की तिला वाटलं आवाजच झाला असेल तिचा! पण कुणाला काही ऐकू आलं नाही. ती एकेका तोंडाकडे बघत राहिली. आता कुणीतरी म्हणेल. आता बाळ म्हणेल... केस पिकले तरी धाकट्या भावाला ती बाळच म्हणायची. नाहीतर बंड्या म्हणेल. अगं, ते कपाट कसं काढता? त्यात तर आत्या झोपते!

कुणीच म्हणालं नाही.

“मग? सगळ्यांची सोय झाली ना?” सुनेने टाळ्या वाजवत विचारलं.

“झाली!” तिघे एकदम ओरडले.

“आत्या, तुम्ही गप्प का? झाली ना?”

“झाली गं बाई,” आत्या हसून म्हणाली. “छान झाली.”

खरं सांगायचं तर चूक आत्याचीच होती! तिनेच हे घर असं बांधलं होतं की दिवसा कुणाला रात्रीचा पत्ता लागू नये. सोफ्याच्या गाद्या शिवायच्या कारखान्यात तिची उमर गेली होती; फोम, रेक्झिन, बिजागऱ्या, खिट्या यांत तिचे हात लहानपणीच मुरले होते. भावजय गेली तेव्हा चिमणी पाळण्यात होती आणि बंड्या चौथीत होता. तेव्हा मोठ्या शहाण्या चेहऱ्याची ही बहीण एक पेटी घेऊन आली, ती कायमचीच. त्यानंतर या दीड खोलीत एकही वस्तू साधी राहिली नाही. जेवणाचं टेबल जेवण झालं की भिंतीला जाऊन चिकटायचं आणि त्याच्या पाठीवर आरसा निघायचा. बाबांच्या बाकाच्या पोटात अंथरुणं आणि डबे. चिमणीचा पलंग दिवाणाखालून चाकांवर गडगडत यायचा. बाल्कनी म्हणजे तर हातभर जागा, पण आत्याने उरलेल्या ताडपत्रीचे खिसे शिवून कठड्याला असे टांगले होते की एकेका खिशात पुदिना, मिरच्या, लसणाची पात, वर दोन गुलाब... खालून जाणारी माणसं मान वर करून बघायची!

आणि घराचा एकच नियम होता. उघडलं की मिटायचं.

हा नियम आत्याइतका कुणीच पाळला नाही. तिचा पलंग त्या बुटक्या कपाटात होता; बंड्याचं दहावीचं अभ्यासाचं टेबल, आता चिमणीचं, त्याला लागूनच होतं. समोरची फळी खाली पाडली की तो उघडायचा, वरच्या पाठीवर दिवसा इस्त्री चालायची. पण तो उघडला की बाल्कनीची वाटच बंद व्हायची, म्हणून सगळे झोपल्यावर तो उघडायचा आणि सगळे उठायच्या आधी मिटायचा. बंड्याला परीक्षेआधी पहाटे उठायची सवय होती, तेव्हा ती त्याच्याही आधी उठली. सुनेला पहाटे मळमळायला लागलं, तेव्हा ती सुनेच्याही आधी उठली. बघता बघता असं झालं की आत्याला झोपलेली कुणी पाहिलेलीच नव्हती! ती दिव्यासारखी होती. लागलेली दिसायची. विझून कुठे जाते, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

आणि त्या पलंगाचं दुसरं गुपित... जाऊ दे. ते तिने स्वतःशीसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं.

त्या रात्रीच्या जेवणालाच ती बोलून गेली. ठरवलं नव्हतं. घास तोंडात फिरत होता आणि शब्द बाहेर पडले.

“मी म्हणते, आता मी कारखान्यातच राहायला जाते. मालकीणबाईंनी वरची खोली देऊ केलीय.”

 तिच्या भावाने हातातला घास खाली ठेवला.

“खोली? तुला?”

“हो ना. चांगली आहे. मोठी खिडकी आहे.” खोटं बोलायला लागल्यावर कंजुषी कशाला करायची! “उजेड येतो भरपूर. जाण्यायेण्याची दगदग वाचेल. गुडघे कुठे साथ देतात आता?”

“आत्याचे गुडघे!” बंड्या हसला. तो घरातला जुनाच विनोद होता. आत्या चालायला लागली की गुडघे आधी बोलतात आणि आत्या नंतर, असं तो म्हणायचा.

“अय्या, स्वतःची खोली!” सुनेचे डोळे चमकले. “आत्या, मी आराखडा करून देऊ? लांबीरुंदी सांगा ना. भिंतीतलं कपाट आहे का? खिडकी कुठल्या बाजूला?”

“सगळं आहे गं... सगळं आहे तिथे,” आत्या पटकन उठली आणि पाणी आणायला गेली. माठापाशी उभी राहून तिने पदराचा बोळा तोंडात धरला. मागून तिला चिमणीचा आवाज आला, “मला नाही आवडत. आत्याने नाही जायचं.” आणि मग भावाचा, सावकाश, जड. “तिला जाऊ दे गं. आयुष्यभर आपल्यातच अडकली बिचारी. तिलाही मोकळं वाटेल.”

मोकळं! अरे बाळा, एकदा म्हण की नको जाऊस! रागावून म्हण, ओरडून म्हण... मी सात जन्म अशी मिटून राहीन रे! पण तिचं हे हृदय फोडणारं आक्रंदन माठातल्या पाण्यालासुद्धा कळलं नाही, तर भावाला कुठून कळणार?

पुढचा आठवडा म्हणजे नुसता छळ होता. घरभर ते कागद. चहा द्यायला जावं तर पायाखाली ‘चिमणीचा पलंग’. केर काढायला वाकावं तर ‘बाबांचा बाक’. सुनेने बजावलं होतं, कागदांवरून चालायचं नाही, खऱ्या वस्तू समजायच्या! म्हणून आत्या कागदांच्या मधल्या फटींतून अंग चोरून चालायची. एक दिवस तिच्या लक्षात आलं की या घरात तिच्यासाठी एवढंच उरलंय... दोन वस्तूंच्या मधली फट.

आणि खोली? खोली कुठे होती! नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात ती गेली. टेबलामागच्या बाईंनी चष्म्यावरून तिला न्याहाळलं.

“कुणासाठी पाहिजे? मुलीसाठी?”

“माझ्यासाठीच.”

“अहो मावशी, पन्नाशीच्या पुढच्यांना आम्ही घेत नाही. उद्या पडलात-झडलात तर बघायचं कुणी? घरी कुणी नाही का तुम्हाला?”

“आहेत ना,” आत्या ताठ मानेने म्हणाली. “भरपूर आहेत.” आणि जिन्यात येऊन कठड्याला धरून उभी राहिली, कारण डोळ्यांपुढे पायऱ्याच दिसेनात.

एका मावसबहिणीकडे गेली, तर तिने दारातच मिठी मारून सांगितलं, “बरं झालं आलीस! आमच्याकडे पाहुण्यांनी पाय ठेवायला जागा नाही बघ, तुझ्याशी बोलायला मिळालं जरा.” आता तिला काय विचारणार, कपाळ!

कारखान्यात शिलाईच्या मशीनवर ती गाद्या शिवत होती, आणि शेजारची कापणीवाली, जुनी मैत्रीण, तिच्याकडे तिरक्या डोळ्यांनी बघत होती.

“काय गं, आज टाके वाकडे? जगबुडी आली की काय?”

“डोळ्यांत काहीतरी गेलंय.”

“दोन्ही डोळ्यांत? आणि आठवडाभर?”

आत्या हसली, आणि हसता हसता तिला असा हुंदका आला की मशीनचं पायडल थांबलं. केवढी ही गादी! सहा फुटांची, जाडजूड, ऐसपैस. कुणीतरी अनोळखी माणूस हिच्यावर हातपाय पसरून घोरणार. आपण आयुष्यभर जगाच्या पाठीखाली मऊपणा शिवला, आणि आपल्या पाठीला... छे! असं नाही म्हणायचं. आपणच तर दिलं. दिलेल्याचा हिशेब काढायचा नसतो.

शेवटी रविवारी सकाळी, कारखाना बंद असताना, ती मालकीणबाईंच्या घरी गेली.

“गोदामात?” त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. “तिथे उंदीर आहेत. पंखा नाही. वेड लागलंय का तुम्हाला?”

“फोमच्या ताग्यांमागे थोडी जागा आहे. मला पुरेल. मी... मला फार जागा लागत नाही, बाई.”

मालकीणबाईंनी मान हलवून किल्ली काढून दिली. आत्याने ती पदराला बांधली. झालं. सुटले!

आता एकच काम राहिलं होतं, आणि त्याच्याच धास्तीने ती परतीच्या रस्त्यावर जवळजवळ पळत सुटली. कपाटात तिची गादी होती. उशी होती. आज दुपारी बंड्या ते कपाट खोलणार होता. सकाळी सगळे लाकूड बघायला बाहेर जाणार होते, तेवढ्यात गुपचूप जाऊन ते अंथरूण काढून आणायचं, म्हणजे कपाट नुसतं कपाट राहील! कुणाला कळायला नको. नाहीतर सून बिचारी, असल्या दिवसांत, काय मनाला लावून घेईल? बाळ तर जेवायचाच नाही. त्यांना लाज वाटू नये, त्यांचं सुख डागळू नये, म्हणून ही माउली गुडघ्यांची कटकट सोसत जिने चढत होती. देवा, अजून कुणी आलेलं नसू दे! एवढं एकच माझं ऐक!

दार उघडंच होतं. आतून स्क्रू फिरल्याचा कुरकुर आवाज येत होता.

ती दाराबाहेरच थिजली.

“अगं, पुढची फळी हलतेय,” बंड्या म्हणत होता. “दुकान बंद निघालं म्हणून वैतागलो होतो, पण बरंच झालं. जेवणाआधी हे उडवून टाकतो. चिमणे, धर जरा... अरे अरे अरे!”

धाडकन आवाज झाला. फळी खाली पडली होती. 

“हे काय आहे?” सुनेचा आवाज आला. “गादी? इथे गादी कुणी ठेवली?”

“उशीपण आहे,” चिमणी म्हणाली. मग एकदम तिचा आवाज बदलला. “दादा... ही आत्याची उशी आहे. हिला आत्याच्या तेलाचा वास येतोय.”

“म्हणजे आत्या इथे झोपतात?” सून म्हणाली. “पण तू तर मला म्हणालास की त्या चिमणीजवळ झोपतात!”

“मला तसंच वाटायचं,” बंड्या चाचरला.

“माझ्याजवळ? छे! मला वाटायचं आत्या बाबांच्या बाकाजवळ खाली झोपते.”

“बाबा?”

बाबांचा आवाज आला. “मी... मी कधी बघितलंच नाही गं.”

बाहेर आत्याने डोळे मिटून घेतले. आता आत जावं, हसून म्हणावं, अगं ते जुनं अंथरूण आहे, टाकायचंच होतं... पण पाय हलेनात.

“पण हे एवढंसं?” सुनेचा आवाज आता कचेरीतला झाला होता, मापं घेणारा. “यात माणूस झोपेल कसा? थांब. धर मला.”

“अगं, काय करतेस? या अवस्थेत...”

“धर म्हणते ना!”

लाकूड करकरलं. सून त्या पलंगावर आडवी झाली असणार. आत्याला दिसत नव्हतं, पण तिला सगळं कळत होतं, कारण तो प्रत्येक आवाज तिच्या अंगात मुरलेला होता. आता डोकं भिंतीला टेकलं. आता पाय सरळ करायला जाईल. आता...

टक्. पाय अभ्यासाच्या टेबलाच्या फळीला लागले.

“पाय पसरत नाहीत,” सून हळूच म्हणाली. “बंड्या, पाय पसरतच नाहीत रे. मी आत्यांपेक्षा बुटकी आहे... माझेसुद्धा नाही पसरत.” आणि मग ती जी रडायला लागली, अगदी लहान मुलीसारखी, हमसून हमसून! “मी सगळ्याची मापं घेतली! खिडकीची, नळाची, कुंड्यांची... अरे, न जन्मलेल्या बाळाचंसुद्धा माप घेतलं मी! घरातल्या माणसाचं घेतलं नाही! त्यांना मी त्यांच्याच तोंडावर विचारलं, सोय झाली ना म्हणून... आणि त्या हो म्हणाल्या रे!”

“ती चिमणीजवळ तरी कुठे झोपणार होती, हा विचार केलास का तू?” बाबांनी विचारलं. रागाने नाही; स्वतःलाच विचारल्यासारखं.

“नाही केला, बाबा. चिमणीला नवा एकटीचा पलंग दिला आणि पुढचा विचारच केला नाही. तुम्ही केलात?”

 बाबांच्या चपलांची फरफर आली. ते वाकले असावेत. मग ते इतक्या विचित्र, पोरक्या आवाजात बोलले की आत्याच्या काळजाचं पाणी झालं.

“बंड्या. तुझ्या त्या टेबलाच्या खाली बघ. वरच्या फळीच्या उलट बाजूला. काही कोरलेलं आहे का?”

“खाली? थांबा... हो, आहे काहीतरी. खिळ्याने ओरबाडलेलं. विमानाचं तोंड आहे, पंख आहेत, आणि मग फळीच संपते.”

“आणि त्याची शेपटी इथे आहे,” बाबा म्हणाले. “ही बघ. या पलंगाच्या फळीवर. मी कोरलं होतं हे... माझ्या लहानपणी. आम्ही दोघं भावंडं या फळीवर झोपायचो. सहा फुटांची होती. ताई मला म्हणाली होती, वाळवी लागली तिला, टाकून दिली.” त्यांचा आवाज फाटला. “बंड्या, तुझं दहावीचं वर्ष होतं. तू हट्ट धरला होतास, टेबल नाही तर अभ्यास नाही. दुसऱ्या दिवशी टेबल आलं. विचारलंस का कधी, कुठून आलं?”

“ती म्हणाली, कारखान्यात फळी पडून होती...”

“तिने आपली झोप कापून दिली तुला! आणि मी बाप असून तुझ्याबरोबर खूश होत म्हणालो, वा, काय छान टेबल!”

आता मात्र आत्याला राहवलं नाही. ती धडपडत आत आली. “बाळा, अरे, पुरे! रडवतोस काय तिला! सूनबाई, ऊठ बघू आधी. असं रडू नये गं, बाळाला कळतं आतल्या आत. काही झालेलं नाही! मला सवय आहे. मी कुशीवर झोपते, मला सरळ झोपच येत नाही...”

“आत्या!” चिमणी येऊन तिला अशी बिलगली की आत्या मागच्या मागे पडायचीच.

बंड्या जागचा हलला नाही. तो त्या टेबलाखाली तसाच बसून होता, हातात स्क्रूड्रायव्हर, तोंड पांढरंफटक. “मी तुझ्या गुडघ्यांवर विनोद करायचो,” तो म्हणाला. “सगळ्यांसमोर. तू पण हसायचीस. का हसायचीस गं?”

“तू हसायचास म्हणून,” आत्या म्हणाली.

त्यावर बंड्याने तिच्या पायांना मिठी घातली आणि तोंड तिच्या गुडघ्यांत खुपसलं. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी भोवरा होता तिथेच अजून होता.

तेवढ्यात बाबांना तिच्या पदराची गाठ दिसली. “ही कसली किल्ली?”

“खोलीची.”

“मोठ्या खिडकीच्या?”

आत्याने मान खाली घातली. तिला आणखी खोटं बोलवेना. “गोदामाची,” ती पुटपुटली. “पण चांगलं आहे, बाळ. फोम आहे सगळीकडे...”

बाबांनी तिच्या पदराची गाठ सोडली. ती इतकी घट्ट होती की चिमणीला मदत करावी लागली. किल्ली त्यांनी स्वतःच्या खिशात टाकली. “उद्या मी परत करून येईन. आणि मालकीणबाईंना सांगेन, आमच्या घरात एक बाई राहते, ती आम्हाला आज सापडली.” मग ते एकदम ओरडले, जो आवाज ऐकायला ती आठवडाभर तडफडली होती अगदी त्याच आवाजात. “आणि पुन्हा जायचं नाव काढलंस तर याद राख, ताई! तंगड्या मोडून ठेवीन!”

“त्या आधीच मोडल्यात,” आत्या म्हणाली. आणि रडता रडता सगळे हसले! काय करणार, या घरात हसण्याची सवय वाईट.

सून मात्र हसली नाही. तिने डोळे पुसले, नाक ओढलं, कपाटावरून वर्तमानपत्रांचा गठ्ठा उचलला आणि चिकटपट्टी दातांत धरून एकेक पान जोडायला लागली. ‘पाळणा’ लिहिलेला तो गोंडस गोल कोपऱ्यांचा कागद तिने स्वतः उचलला आणि आतल्या खोलीत ‘आमचा पलंग’वर नेऊन टाकला. “पाळणा छताला टांगता येतो,” ती म्हणाली. “बाळ हलकं असतं. आत्या, झोपा इथे.”

“इथे? जमिनीवर? सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर. मला माप घ्यायचंय. सरळ झोपा, पाय पसरून.”

आत्या लाजत, साडी सावरत, कागदावर आडवी झाली. डोकं टेकलं. पाठ टेकली. आणि मग तिने पाय सरळ करायला घेतले...

होईनात.

तिने पुन्हा प्रयत्न केला. दात आवळले. चिमणीने एक पाय धरला, हळूच दाबला, आणि आत्या कळवळली. गुडघे अर्ध्यावर येऊन थांबले होते, दोन छोट्या डोंगरांसारखे. इतकी वर्षं ते मिटलेले होते की उघडायचं कसं हे त्यांना आठवतच नव्हतं!  बंड्याने भिंतीकडे तोंड केलं.

“राहू दे गं, सूनबाई,” आत्या ओशाळून म्हणाली. “बघ, मला एवढंच लागतं. कापून टाक इथून. उगाच जागा वाया...”

सुनेने तिच्या टाचांपाशी टेप धरला नाही. तो तिने तसाच पुढे नेला. कुठपर्यंत? जिथे पाय सरळ असते तर पोचले असते तिथपर्यंत, आणि त्याच्याही वर चार बोटं. तिथे लाल रेघ मारली. कात्री चालवली.

“पण सूनबाई, तिथे अभ्यासाचं टेबल येतंय की!”

“टेबल जाईल,” चिमणी म्हणाली. “मी जेवणाच्या टेबलावर अभ्यास करीन. आणि मार्क कमी पडले तर कमी पडतील!” मग जरा थांबून, “थोडेसेच.”

“होतील सरळ,” सून कागदावर अक्षरं काढत म्हणाली. तिचे अश्रू शाईत पडत होते आणि लाल रंग पसरत होता. “लगेच नाही. डॉक्टरांना दाखवू. मी रोज शेकीन. होतील, आत्या... थोडे तरी होतील. नाही झाले तरी पलंग एवढाच राहणार.”

आत्याने मान वळवून वाचलं. तिच्या कानाशीच लिहिलं होतं. ‘आत्याचा पलंग’.

“आता उठू?”

“नाही,” बाबा म्हणाले. ते तिच्या पायांशी जमिनीवर बसले होते आणि तिच्या न उघडणाऱ्या गुडघ्यांखाली तिचीच उशी दुमडून ठेवत होते. “पड जरा. आठवडाभर कागदावर राहून बघायचं असतं ना? कुठे अडतं ते कळायला?”

भर दुपार होती. बाल्कनीच्या दारातून ऊन आत आलं होतं आणि ताडपत्रीच्या खिशांतला पुदिना उन्हात तापून दरवळत होता. आत्याने पाच मिनिटांसाठी म्हणून डोळे मिटले. कुणी कढई वाजवली नाही. बंड्या पाणी प्यायला उठला तो कागदाला वळसा घालून, भिंतीला घासत, अंग चोरून गेला. बाबाही तसेच गेले. सून पोट सावरत, चवड्यांवर, त्याच फटीतून गेली.

चिमणी तेवढी उशाशी बसून राहिली, डोळे विस्फारून, कारण असं काही तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

“बाबा,” ती कुजबुजली, “आत्या घोरते!”

“शू!” तिघांनी एकदम दटावलं.